स्टार्चचा पापुद्रा सादळू नये म्हणून

उन्हाळ्यात घरोघरी कुरडया होतात. गहू भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, वर आलेले पाणी ओतून टाकायचे आणि तळाशी बसलेला पांढराशुभ्र चीक शिजवायचा. हा चीक म्हणजे बहुतांशी स्टार्च. ताटात सांडलेला थोडासा शिजलेला चीक वाळला की त्याचा पातळ, अर्धपारदर्शक पापुद्रा तयार होतो आणि तो नखाने सोलून काढता येतो. मुलांना तो प्लास्टिकच्या कागदासारखा वाटतो. मुलांचे काही चुकत नाही. प्लास्टिकला पर्याय म्हणून जगातल्या अनेक प्रयोगशाळांमध्ये ज्या पदार्थांवर काम चालू आहे, त्यांपैकी एक या पापुद्र्याचा सख्खा भाऊच आहे.

मग अडचण कुठे आहे? मे महिन्यात वर्ध्याच्या कोरड्या उन्हात वाळलेला हा पापुद्रा बोटाने दाबला तर काचेसारखा तडकतो. तोच जुलैपर्यंत उघडा ठेवला तर सादळतो, लिबलिबीत होतो. पाण्यात टाकला तर फुगतो आणि त्याचा लगदा होतो. कोरड्या हवेत ठिसूळ आणि दमट हवेत मऊ अशा पदार्थाची पिशवी कोण वापरील?

ही अडचण दूर करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे स्टार्चमध्ये दुसऱ्या कशाचे तरी अतिसूक्ष्म कण मिसळून त्याला बळकट करायचे. अशा मिश्रणाला नॅनोसंमिश्र म्हणतात. दुसरा म्हणजे या पदार्थाच्या पृष्ठभागात बदल घडवून पाण्याला दारातच अडवायचे. या लेखात आपण हे दोन्ही मार्ग पाहू. पाण्याला अडवण्याची किंमत काय मोजावी लागते, हेही पाहू. कारण 'पर्यावरणस्नेही' अशी चिठ्ठी लावलेली वस्तू हाती आली की हाच प्रश्न विचारायचा असतो.

स्टार्च आणि पाणी

स्टार्च हे बहुवारिक आहे. ग्लुकोजचे शेकडो-हजारो रेणू माळेतल्या मण्यांसारखे जोडले की स्टार्चचा एक रेणू होतो. यात दोन प्रकार असतात. अमायलोजची माळ जवळजवळ सरळ असते. अमायलोपेक्टिनच्या माळेला झाडासारख्या फांद्या फुटलेल्या असतात. गहू, ज्वारी, मका यांच्या नेहमीच्या वाणांत साधारण पाव हिस्सा अमायलोज आणि बाकीचे अमायलोपेक्टिन असते.

माळेतल्या बहुतेक प्रत्येक ग्लुकोजला तीन हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या जोड्या. पाण्याच्या रेणूतही अशीच रचना असते. त्यामुळे दोघांमध्ये हायड्रोजन बंध सहज तयार होतात. हजार मण्यांच्या माळेवर पाण्याला पकडण्यासाठी सुमारे तीन हजार जागा! स्टार्च जलस्नेही आहे असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ हा.

पाण्याचे थोडे रेणू माळांच्या मध्ये शिरले की माळा एकमेकींवरून घसरू लागतात. पदार्थ मऊ होतो. सादळणे म्हणजे रेणूंच्या पातळीवर हेच. उलट, पाणी पूर्ण निघून गेले की माळा एकमेकींना घट्ट धरून बसतात आणि पदार्थ ठिसूळ होतो. म्हणून स्टार्चचा पापुद्रा करताना त्यात ग्लिसरीन घालतात. ग्लिसरीनच्या रेणूतही तीन हायड्रॉक्सिल गट असतात. ते माळांच्या मध्ये जाऊन बसते आणि पाण्यासारखे झटकन उडून जात नाही. पापुद्रा वाकवता येतो. पण ग्लिसरीन स्वतःच हवेतली वाफ ओढून घेते, त्यामुळे ठिसूळपणा गेला तरी सादळणे वाढते.

खळ आणि कागद

स्टार्चचा पातळ थर पृष्ठभागावर बसवण्याची विद्या आपल्याला नवी नाही. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे मुख्यालय वर्ध्याच्या मगनवाडीत होते आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत. ग्रामोद्योगांच्या साधनांचे मगन संग्रहालय १९३८ मध्ये तिथेच उघडले. आजची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थाही मगनवाडीतच आहे. खादी आणि हातकागद हे या परिसराचे जुने विषय. या दोन्ही उद्योगांत एक काम असे आहे, की ते आमच्यासारख्या पदार्थांवर संशोधन करणाऱ्या माणसाने बारकाईने पाहावे.

पहिले काम म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावणे. हातसुताच्या अंगावर बारीक तंतू उभे असतात. मागावर सूत एकमेकांना घासते, तंतू गुंततात आणि सूत तुटते. पिठाची पातळ खळ लावून वाळवली की सुताभोवती स्टार्चचे पातळ कवच बसते, उभे तंतू आडवे होऊन चिकटतात आणि घर्षण कमी होते. कापड विणून झाले की खळ धुऊन काढतात. म्हणजे हे कवच ठरावीक काळापुरतेच हवे असते. त्यानंतर ते सहज निघून गेले पाहिजे. हा मुद्दा पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

दुसरे काम हातकागदाचे. लगद्यापासून केलेला नुसता कागद टिपकागदासारखा असतो. त्यावर शाई फुटते, कारण तंतूंमधल्या बारीक फटींतून केशिकांच्या मार्गाने ती पसरते. पारंपरिक पद्धतीत अशा कागदाला पिठाची खळ लावून तो वाळवत आणि मग गुळगुळीत दगडाने घोटत. फटी बुजल्या, पृष्ठभाग सपाट झाला, अक्षर नीट उमटू लागले. कागदाचे आतले द्रव्य तेच राहिले. बदलला तो फक्त पृष्ठभाग.

खळ सुताला आणि कागदाला इतकी घट्ट का चिकटते? कापूस आणि कागद हे सेल्युलोजचे असतात. सेल्युलोज हीसुद्धा ग्लुकोजचीच माळ आहे. फरक एवढाच, की स्टार्चमध्ये सगळे मणी एकाच बाजूला तोंड करून जोडलेले असतात, तर सेल्युलोजमध्ये एकाआड एक मणी उलटा असतो. एवढ्या फरकाने स्टार्चची माळ मळसूत्रासारखी वळते आणि सेल्युलोजची सरळ राहते. सरळ माळा एकमेकींलगत घट्ट रचल्या जातात, म्हणून कापूस पाण्यात विरघळत नाही. मात्र दोघांच्याही अंगावर तेच हायड्रॉक्सिल गट असल्याने स्टार्च आणि सेल्युलोज एकमेकांना चांगले धरून ठेवतात. खळ लावलेले सूत हे स्टार्च आणि सेल्युलोज यांचे संमिश्रच होय. त्यातले तंतू मात्र नॅनो आकाराचे नसतात.

कण लहान केल्याने काय होते?

एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा शंभर कोटीवा भाग. कापसाचा तंतू दहा-वीस हजार नॅनोमीटर जाड असतो. तो फोडत फोडत पाच-दहा नॅनोमीटरपर्यंत आणला तर काय साधते?

एक हिशेब करून पाहू. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याचे १० नॅनोमीटर बाजूचे घन करा. प्रत्येक बाजूचे दहा लाख तुकडे झाले. द्रव्य तेवढेच राहिले, पण एकूण पृष्ठफळ दहा लाख पटींनी वाढले. ते झाले ६० लाख चौरस सेंटिमीटर, म्हणजे ६०० चौरस मीटर. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. साखरेच्या खड्याएवढ्या घनातून अशी साडेचार मैदाने झाकण्याइतका पृष्ठभाग निघाला!

म्हणजे नॅनोसंमिश्रात कणांचे आणि स्टार्चचे नाते प्रामुख्याने या प्रचंड पृष्ठभागावर ठरते. तिथे पकड चांगली असेल तर अगदी थोडे कणही पुरतात. पकड नसेल तर कण एकमेकांनाच चिकटून गोळे होतात. असा गोळा पापुद्र्यात खड्यासारखा राहतो आणि ताण दिल्यावर तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून नॅनोसंमिश्रांमध्ये पृष्ठभाग दोन असतात. एक आतला, म्हणजे कण आणि स्टार्च यांच्या सीमेवरचा. दुसरा बाहेरचा, म्हणजे पापुद्रा आणि हवा-पाणी यांच्या सीमेवरचा. दोहोंवर करायचे उपचार वेगळे असतात.

आतला पृष्ठभाग: कापूस आणि काळी माती

वर्धा जिल्हा कापसाचा. एकोणिसाव्या शतकात 'हिंगणघाट' हे नाव कापसाच्या परदेशी बाजारातही ओळखले जाई. कापसात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते. त्यातले स्फटिकमय भाग वेगळे काढले तर त्यांचा ताठपणा पोलादाच्या निम्म्याहून अधिक भरतो आणि घनता मात्र पोलादाच्या सुमारे एक-पंचमांश असते. सूतकताईला न चालणारा आखूड धाग्याचा कापूसही यासाठी चालतो. मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. ती १९२४ पासून कापसावर संशोधन करीत आली आहे. तिथे २०१५ मध्ये नॅनोसेल्युलोजचे प्रायोगिक संयंत्र उभे राहिले. मुंबईच्याच रसायन तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये आखूड धाग्याच्या कापसापासून नॅनोतंतू करून ते स्टार्चच्या पापुद्र्यात मिसळले. अवघे ०.४ टक्के तंतू घातल्यावर पापुद्र्याची ताणशक्ती सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली. याहून अधिक तंतू घातले तर अधिक फायदा होतो असे मात्र नाही. दाटी झाली की तंतूंचे गोळे होऊ लागतात.

हे गोळे टाळायचे कसे? इथे पृष्ठभागाची एक छान गोष्ट सांगता येईल. कापसापासून नॅनोस्फटिक काढताना तो तीव्र आम्लात ठेवतात. आम्ल माळांचे विस्कळीत भाग खाऊन टाकते आणि नीट रचलेले भाग मागे उरतात. हे काम हायड्रोक्लोरिक आम्लाने केले तर स्फटिक पाण्यात चटकन एकत्र येऊन खाली बसतात. सल्फ्युरिक आम्लाने केले तर दुधी द्रव तयार होतो आणि तो दीर्घकाळ तसाच राहतो. कारण असे, की सल्फ्युरिक आम्ल जाता जाता स्फटिकाच्या पृष्ठभागावर सल्फेटचे गट चिकटवून जाते. त्यांच्यावर ऋण विद्युतप्रभार असतो. सारखे प्रभार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून स्फटिक सुटे राहतात. अशा सुट्या स्फटिकांच्या पाण्यात स्टार्च शिजवले की ते सगळीकडे सारखे पसरतात. स्फटिकाचे अंतरंग दोन्ही वेळा एकच. फरक पडला तो सालीवर.

दुसरा कण आपल्या पायाखालीच आहे. विदर्भातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात शिरेल एवढ्या भेगा पडतात. याचे कारण तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट गटाची खनिजे. त्यांची रचना वहीच्या पानांसारखी असते. एकेक पान सुमारे एक नॅनोमीटर जाड, पण लांबी-रुंदीला शेकडो नॅनोमीटर. पानांवर ऋण प्रभार असतो आणि तो सांभाळायला दोन पानांच्या मध्ये सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन बसलेले असतात. मध्ये पाणी शिरले की पाने दूर सरकतात आणि माती फुगते. पाण्याऐवजी स्टार्चच्या माळा शिरल्या तर नॅनोसंमिश्र तयार होते. पापुद्र्यात पाने आडवी पसरली की वाफेला सरळ आरपार जाता येत नाही. प्रत्येक पानाला वळसा घालत, लांबच्या वाटेने जावे लागते. त्यामुळे वाफ पार होण्याचा वेग घटतो.

या पानांचा पृष्ठभाग बदलताही येतो. सोडियमच्या जागी लांब तेलकट शेपटी असलेले आयन बसवले की माती तेलकट प्लास्टिकांमध्ये छान मिसळते. पण हीच तेलकट केलेली माती स्टार्चमध्ये नीट मिसळत नाही. जलस्नेही स्टार्चला साधी सोडियमची मातीच अधिक मानवते. म्हणजे पृष्ठभाग बदलला की पदार्थ सुधारतोच, असे नाही. शेजारी कोण आहे, हे पाहून तो बदलावा लागतो.

बाहेरचा पृष्ठभाग

आतून बळकट झालेला पापुद्राही पाण्याचा थेंब पडला की भिजतोच. तो किती भिजतो हे मोजण्याची सोपी खूण म्हणजे स्पर्शकोन. सपाट पृष्ठभागावर थेंब ठेवला की त्याची कड पृष्ठभागाशी एक कोन करते. थेंब पसरला तर हा कोन लहान असतो. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर मोठा. ९० अंशांपेक्षा कमी कोन असेल तर पृष्ठभाग जलस्नेही आणि जास्त असेल तर जलद्वेषी असे मानतात. थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये या कोनामागचा बलांचा समतोल स्पष्ट केला. स्टार्चच्या पापुद्र्यावर कोन ९० पेक्षा बराच कमी असतो आणि थेंब मुरत जातो तसा आणखी घटतो. अळूच्या पानावर मात्र तो १५० अंशांच्या पुढे जातो.

हा कोन वाढवायला तीन प्रकारचे उपाय केले जातात.

पहिला उपाय म्हणजे लेप देणे. मधमाश्यांचे मेण, पळसासारख्या झाडांवर मिळणारी लाख यांचा पातळ थर पाण्याला अडवतो. मात्र स्टार्च पाण्याची ओढ असलेला आणि मेण पाण्यापासून पळणारे, त्यामुळे दोघांची पकड कच्ची राहते. पापुद्रा वाकवला की लेपाला तडे जातात आणि पाणी तडांतून आत शिरते.

दुसरा उपाय हायड्रॉक्सिल गटांनाच गुंतवून ठेवण्याचा. सायट्रिक आम्ल, म्हणजे आपले लिंबूसत्त्व, यासाठी उपयोगी पडते. त्याच्या रेणूला तीन आम्लगट असतात. पुरेशी उष्णता दिली की हे गट स्टार्चच्या हायड्रॉक्सिल गटांशी रासायनिक बंध करतात. एकच रेणू दोन माळांना धरतो, तेव्हा माळांमध्ये आडवे टाके पडल्यासारखे होते. पाण्याला पकडायच्या जागा कमी होतात आणि माळा सहजी फाकत नाहीत. दुसऱ्या एका पद्धतीत हायड्रॉक्सिलच्या जागी ॲसिटिल गट बसवतात. तयार पापुद्र्यावर वरून ही प्रक्रिया केली की बदल मुख्यतः बाहेरच्या थरापुरता राहतो. आत स्टार्च जसेच्या तसे असते.

तिसरा उपाय अळूच्या पानाने शिकवलेला. त्या पानावर मेणाचा थर असतोच, शिवाय त्यावर अतिसूक्ष्म उंचवटेही असतात. थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो आणि खाली हवा अडकलेली राहते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पुढे या परिणामाला कमळाचेच नाव मिळाले. नॅनोकण पृष्ठभागावर बसवून असा खडबडीतपणा आणता येतो. मात्र पृष्ठभागाचे रसायन जलस्नेहीच ठेवून नुसता खडबडीतपणा आणला तर उलटा परिणाम होतो. पाणी अधिकच पसरते.

पाण्याला अडवले, पण जंतूंनाही?

इथवर वाचून असे वाटेल, की पृष्ठभाग जितका जलद्वेषी तितका चांगला. प्रश्न इथेच अवघड होतो.

स्टार्चची वस्तू आपल्याला हवी आहे ती ती कुजते म्हणून. कुजते म्हणजे काय होते? मातीतले जिवाणू आणि बुरशी अमायलेजसारखी विकरे सोडतात. विकर स्टार्चच्या माळेला कुलपात किल्ली बसावी तसे येऊन बसते आणि मण्यांमधला बंध तोडते. यासाठी दोन गोष्टी लागतात. पाणी आत पोहोचले पाहिजे आणि माळेचा आकार विकराला ओळखू आला पाहिजे. आपण पाण्याची वाट बंद केली आणि मण्यांवर ॲसिटिल गट बसवले, की दोन्ही गोष्टींना खीळ बसते. असे गट जितके अधिक, तितके विघटन मंद. पापुद्रा टिकाऊ करणारा उपचारच त्याला कुजण्यापासून रोखतो.

याचे एक जुने उदाहरण आहे. १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये ग्रिफिन या शास्त्रज्ञांनी स्टार्चच्या कणांच्या पृष्ठभागावर उपचार करून ते पॉलिथिनमध्ये मिसळण्याची पद्धत काढली. जलस्नेही स्टार्च आणि तेलकट पॉलिथिन यांचा मेळ घालणे ही रसायनशास्त्रातली चांगलीच कामगिरी होती. पुढे अशा पिशव्या विघटनशील म्हणून बाजारात आल्या. पण जंतूंनी त्यातले स्टार्च खाल्ले तरी पॉलिथिन तसेच उरले, फक्त त्याचे तुकडे झाले. पिशवी दिसेनाशी झाली, कचरा मात्र संपला नाही.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर आणि एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून देशभरात अशा काही वस्तू बंद झाल्या. त्यांच्या जागी 'स्टार्चच्या' म्हणून पिशव्या येतात. त्यांतल्या बऱ्याच पिशव्या निव्वळ स्टार्चच्या नसून स्टार्च आणि इतर विघटनशील बहुवारिके यांच्या मिश्रणाच्या असतात. हे गैर नाही. पण खतात रूपांतर होण्याच्या ज्या कसोटीला त्या उतरतात, ती सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या खतप्रक्रियेतली असते. १८० दिवसांच्या आत नव्वद टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे अशी तिची अट असते. एवढी उष्णता इतके दिवस गावाच्या उकिरड्यात किंवा नाल्याच्या काठी मिळत नाही. म्हणून 'कुजते का?' या प्रश्नाच्या जोडीला 'कुठे आणि किती दिवसांत?' हेही विचारले पाहिजे.

आमच्या मते पृष्ठभागावरच्या उपचाराची सुरुवातही याच प्रश्नापासून व्हावी. जेवणाच्या ताटलीला पाऊण तास पाणी अडवले तरी पुरते. रोपवाटिकेतल्या पिशवीने रोप लावण्याजोगे होईपर्यंत तग धरावा आणि जमिनीत गेल्यावर मुळांना वाट द्यावी. दोघींना एकच पृष्ठभाग देऊन चालणार नाही. सुताची खळ आठवा. माग चालेपर्यंत टिकायचे आणि धुतल्यावर जायचे, एवढेच काम तिच्याकडून अपेक्षित असते, आणि ते ती चोख करते. पळसाच्या पानांची पत्रावळही अशीच आहे. आत सेल्युलोजचे तंतू आणि वर मेणचट थर. पंगत उठेपर्यंत ती आमटी धरते आणि उकिरड्यावर गेली की जाडसर प्रक्रियेशिवाय तिचे खत होते. पान हे निसर्गाने पृष्ठभागावर उपचार केलेले संमिश्रच आहे. स्टार्चच्या नॅनोसंमिश्रांवर काम करणाऱ्यांपुढे खरे आव्हान पत्रावळीची बरोबरी करण्याचे आहे.

वर्गात करून पाहा

पुढचा प्रयोग आठवी ते बारावीच्या वर्गांना जमण्यासारखा आहे. शिजवण्याचे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली करावे.

काळी माती पाण्यात ढवळून उंच बरणीत ठेवा. आठ तासांनी वरच्या दहा सेंटिमीटर थरातले गढूळ पाणी नळीने हलकेच काढून घ्या. या वेळात दोन मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण खाली गेलेले असतात. वर उरतात ते मातीचे सर्वांत बारीक कण. मॉन्टमोरिलोनाइटची पाने यांतच असतात.

आता १० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ३ ग्रॅम ग्लिसरीन आणि १०० मिलिलिटर साधे पाणी एकत्र करून, ढवळत, मिश्रण पारदर्शक होईपर्यंत शिजवा. ते स्टीलच्या ताटात पातळ पसरून सावलीत वाळवा. दुसऱ्या ताटासाठी साध्या पाण्याऐवजी मातीचे गढूळ पाणी वापरा. तिसऱ्या ताटासाठी साध्या पाण्यात टिपकागदाचा बारीक कुटलेला थोडा लगदा घाला. वाळल्यावर प्रत्येक पापुद्र्याच्या अर्ध्या भागावर मेण हलक्या हाताने चोळा. असे सहा नमुने झाले.

प्रत्येकावर ड्रॉपरने एकेक थेंब ठेवा आणि तो मुरायला लागणारा वेळ नोंदवा. बाजूने पाहून थेंबाचा आकार वहीत काढा. शेजारी अळूचे पान ठेवून त्यावरही थेंब टाका. मग त्याच पानावर साबणाचे बोट फिरवून, पुसून, पुन्हा थेंब टाका. सारख्या मापाचे तुकडे वजन करून, ओले फडके ठेवलेल्या बंद डब्यात दोन दिवस ठेवा आणि पुन्हा वजन करा. किती पाणी ओढले गेले ते कळेल. शेवटी प्रत्येकी एक तुकडा मच्छरदाणीच्या कापडात बांधून शाळेच्या आवारात ओलसर मातीत पुरा. जोडीला पळसाच्या पानाचा आणि पॉलिथिनचा तुकडाही पुरा. दर आठवड्याला उकरून पाहा.

थेंब सर्वांत जास्त वेळ अडवणारा तुकडा कोणता आणि मातीत सर्वांत लवकर नाहीसा होणारा तुकडा कोणता, याचे दोन स्वतंत्र क्रम विद्यार्थ्यांना लावू द्या. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून त्यांना विचारा: रोपवाटिकेच्या पिशवीसाठी तुम्ही यांतला कोणता तुकडा निवडाल, आणि जेवणाच्या ताटलीसाठी कोणता?